हाकेच्या अंतरावरून परत

माथेरानला गेलेल्या बहुतेक कुटुंबांत सकाळच्या न्याहारीनंतर एक छोटी बैठक भरते. पॉइंट पाहायला कोण कोण निघणार, हे त्या बैठकीत ठरते. मुले दारात उभी असतात, तरुण मंडळी पाण्याच्या बाटल्या भरत असतात, आणि मग कोणीतरी घरातील ज्येष्ठ व्यक्तीकडे वळून मोठ्या मायेने म्हणते, "तुम्ही आपले इथेच बसा. चढउताराची वाट आहे, उगाच पडलात-बिडलात तर?"

दोन वर्षांपूर्वी आमच्या कुटुंबात हे वाक्य मी उच्चारले होते. ते ज्यांना उद्देशून होते ते माझे सासरे. त्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो. तेव्हा त्यांचे वय ७७ होते. त्याआधी चार महिने ते न्हाणीघरात घसरून पडले होते. हाड मोडले नव्हते. परंतु सारे घर धास्तावले होते. त्या सकाळी अण्णा काही न बोलता हॉटेलच्या व्हरांड्यात वर्तमानपत्र घेऊन बसले. तीन तासांनी आम्ही परतलो, तेव्हाही ते त्याच खुर्चीत होते.

पुण्यास परतल्यावर हळूहळू एक बदल दिसू लागला. रोज संध्याकाळी वाचनालयापर्यंत चालत जाणारे अण्णा आठवड्यातून दोनदाच जाऊ लागले. पुढे तर पुस्तक बदलून आणण्याचे कामही त्यांनी नातवाकडे सोपवले. कारण विचारले तेव्हा म्हणाले, "अगं, पडलो-बिडलो तर तुम्हालाच त्रास." शब्द माझेच होते. मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. इतरांच्या घरच्या वडीलधाऱ्यांना चालते ठेवण्याचे काम मी करते, आणि या सदरातूनही तेच सांगत आले आहे. माझ्या स्वतःच्या घरात एक माणूस खुर्चीला जखडत चालला आहे, हे ध्यानात यायला मला सहा महिने लागले.

पडण्याची भीती ही म्हातारपणातील एक स्वतंत्र व्याधीच समजावी. भीतीमुळे माणूस चालणे कमी करतो. चालणे कमी झाले की मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायू क्षीण होतात आणि तोल सावरण्याची सवय मोडते. मग ज्या पडण्याची भीती होती, ते पडणेच अधिक संभवनीय होते. जवळच्या माणसांची माया या चक्राला नकळत गती देते. म्हणून या वर्षी आम्ही ठरवले की पुन्हा माथेरानला जायचे, आणि या खेपेस अण्णांनी आमच्याबरोबर रानातून चालायचे.

तीन महिन्यांची पूर्वतयारी

प्रथम अण्णांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांना उच्च रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि उजवा गुडघा झिजलेला आहे. चालताना छातीत दुखणे, सपाट रस्त्यावरही धाप लागणे, कारण न कळता चक्कर येऊन पडणे, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यांपैकी काहीही असेल तर डोंगराचा बेत डॉक्टरांच्या संमतीशिवाय आखूच नये. अण्णांच्या बाबतीत तसे काही नव्हते. "अवश्य जा, पण आधी पाय तयार करा," असे डॉक्टरांनी सांगितले.

दिवाळीनंतर घरीच तयारी सुरू झाली. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे व सावकाश बसणे; स्वयंपाकघरातील ओट्याला धरून टाचा उचलणे; ओट्याला हात टेकूनच एका पायावर काही क्षण उभे राहणे; आणि इमारतीचा जिना कठड्याला धरून उतरणे. हे सारे आधी थोडे, मग थोडे अधिक. पासष्टीनंतर आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम गतीची हालचाल असावी आणि निदान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम असावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेथपर्यंत पोहोचायला अण्णांना जवळजवळ तीन महिने लागले.

यातील जिना उतरण्याच्या सरावाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. चढताना दम लागतो, त्यामुळे चढच अवघड असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना शरीराचा भार सावरीत, ताणले जात असतानाच काम करावे लागते, आणि गुडघ्यावरील भारही वाढतो. श्वास शांत असल्याने हे श्रम जाणवत नाहीत. ते जाणवतात दुसऱ्या दिवशी, मांड्या भरून आल्यावर.

माथ्यावरचे रान

ज्येष्ठांच्या चालण्यासाठी माथेरान का निवडावे? माथ्यावरचे रान म्हणून माथेरान, अशी या नावाची फोड केली जाते. समुद्रसपाटीपासून हे पठार सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. इतक्या उंचीवर विरळ हवेचा त्रास होण्याचे कारण नाही. १८५० मध्ये ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट येथे आले आणि तेव्हापासून थंड हवेचे ठिकाण म्हणून माथेरानची ओळख झाली. १९०७ मध्ये नेरळहून येणारी छोटी गाडी सुरू झाली. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून डोंगर चढणारी ही गाडी सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने उभी केली.

परंतु आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे येथे खासगी मोटारींना प्रवेश नाही. दस्तुरी नाक्यावर वाहन ठेवावे लागते. मागून येणाऱ्या मोटारीच्या कर्कश भोंग्याने दचकून तोल जाणे, हा शहरातील ज्येष्ठांचा रोजचा अनुभव येथे येत नाही. वाटा बहुतांशी झाडीतून जातात. जांभूळ, हिरडा, अंजनी अशा झाडांची दाट सावली असल्याने दुपारच्या आधीचे ऊन फारसे अंगावर येत नाही.

गैरसोयीही सांगायला हव्यात. जांभ्या दगडाच्या लाल मातीची बारीक भुकटी उतारावर पायाखालून सरकते. झाडांची मुळे वाटेवर आडवी आलेली असतात. घोड्यांची ये-जा सतत असते. घोडा येताना दिसला तर दरीच्या बाजूला न सरता डोंगराच्या बाजूला उभे राहावे. माकडे हातातील खाऊ हिसकावून घेतात, म्हणून खाण्याची पिशवी मोकळी हातात न धरता बंद करून पाठीवर घ्यावी. पावसाळ्यात येथे मुसळधार पाऊस पडतो आणि वाटा निसरड्या होतात. ज्येष्ठांनी पायी फिरण्यासाठी तो काळ टाळून हिवाळा निवडावा.

दस्तुरीपासून बाजारपेठ सुमारे अडीच किलोमीटर आहे. आम्ही दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकातून माथेरान स्थानकापर्यंत छोट्या गाडीने गेलो. अण्णांचा आग्रह होता की चालतच जाऊ. मी म्हटले, "अण्णा, पाय आज साठवून ठेवा. खर्च उद्या करायचा आहे." त्यांना व्यवहाराची भाषा पटते.

शार्लोट तलावाची वाट

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही शार्लोट तलावाकडे निघालो. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. हवेत गारवा होता आणि घोडेवाल्यांची वर्दळ अजून सुरू व्हायची होती. बाजारपेठेपासून तलाव दीड-दोन किलोमीटर असेल. पिसारनाथ या माथेरानच्या ग्रामदैवताचे देऊळ तेथेच काठावर आहे. तरुण माणसाला ही वाट म्हणजे अर्ध्या तासाचे काम. आम्ही सव्वा तास ठेवला होता.

अण्णांच्या डाव्या हातात काठी होती. गुडघा उजवा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूला धरावी. पुष्कळ जण नेमके उलटे करतात. हात सरळ खाली सोडला असता काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी, एवढीच तिची उंची असावी. पायऱ्यांसाठी एक सोपा नियम आहे: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी व दुखरा पाय. उतारावर मी त्यांच्या एक पाऊल पुढे आणि किंचित बाजूला चालत होते. चढावर आधार देणाऱ्याने मागे राहावे. दंड धरून ओढू नये. त्याने ज्येष्ठांचा तोल सावरण्याऐवजी जातो. आपला हात पुढे करावा आणि तो धरायचा की नाही, हे त्यांना ठरवू द्यावे.

चालण्याचा वेग किती असावा? चालता चालता एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले की वेग कमी करावा. अण्णांना ही परीक्षा फार आवडली. निवृत्त शिक्षक असल्याने त्यांच्यापाशी वाक्यांचा तुटवडा नाही. अंजनीच्या खोडा-फांद्यांवर निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके फुटले होते. त्यांच्यापाशी थांबून अण्णांनी नातवाला फुले पानांच्या टोकाला न येता जुन्या लाकडावर कशी येतात, ते दाखवले. शिपाई बुलबुलांची जोडी वाटेवर उतरली. कुठूनतरी कुटरुक पक्ष्याची एकसुरी हाक येत होती. दोन वर्षांपूर्वी आम्ही याच वाटेने गेलो होतो, परंतु अंजनीचे एकही झाड पाहिल्याचे मला आठवत नाही. पॉइंट गाठण्याच्या घाईत होतो.

तलावाजवळ वाट खाली उतरू लागली. येथे अण्णांनी माझा हात धरला. त्यांच्या चष्म्यात वर दूरचे व खाली जवळचे दिसते. अशा चष्म्यातून पायाखालची पायरी खालच्या भिंगातून पुसट दिसते आणि अंदाज चुकतो. पायरीकडे पाहताना मान खाली वाकवावी, म्हणजे वरच्या भिंगातून ती स्पष्ट दिसते. बाहेर फिरण्यासाठी केवळ दूरचा चष्मा वेगळा घ्यावा का, हे नेत्रतज्ज्ञांना विचारून ठेवावे.

बांधावरची पंधरा मिनिटे

तलावाच्या बांधावर आम्ही विसावलो. माथेरानला पिण्याचे पाणी पुरवणारा हा तलाव त्या वेळी अगदी निश्चल होता. जवळच असलेल्या एको पॉइंटवरून मुलांच्या आरोळ्या ऐकू येत होत्या. अण्णा खुशीत होते. वीस-पंचवीस मिनिटांनी ते म्हणाले, "चला, आता तो पॉइंटही पाहून घेऊ," आणि झटकन उठले. उभे राहताच त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि हातातील काठी डगमगली. माझे पती शेजारीच होते. त्यांनी धरून खाली बसवले.

आम्ही त्यांना सावलीत आडवे केले आणि पाय पिशवीवर उंच ठेवले. छातीत दुखते का, जबडा किंवा हात भरून आला आहे का, बोलताना शब्द अडखळतात का, हे विचारले व पाहिले. तसे काहीही नव्हते. थोडी हुशारी आल्यावर पाणी दिले. मग मी विचारले, "अण्णा, सकाळपासून पाणी किती प्यालात?"

ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "चहा घेतला तेवढाच. रानात मध्येच जायची वेळ आली तर कुठे जाणार, म्हणून पाणी घेतलं नाही."

त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत मी स्वतः भरून दिलेली बाटली होती. तिचे बूच उघडलेलेही नव्हते. काठीची उंची मी मोजली होती, बुटांचे तळवे तपासले होते, परंतु हा प्रश्न मी विचारला नव्हता. आपल्याकडील ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, प्रवासात पाणी पीत नाहीत ते याच कारणासाठी, आणि संकोचामुळे ते कोणाला सांगत नाहीत. शरीरात पाणी कमी, त्यात रक्तदाबाची गोळी, आणि बराच वेळ बसून एकदम उठणे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की उभे राहताच रक्तदाब खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून उठण्यापूर्वी पावले वरखाली हलवावीत, पोटऱ्या आवळाव्यात, आधार धरून उठावे आणि पहिले पाऊल टाकण्याआधी क्षणभर उभे राहावे. मात्र यावर उपाय म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. प्रवासाच्या दिवसांत ती, आणि लघवीची गोळी चालू असल्यास तीही, कोणत्या वेळी घ्यावी, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना अशीच अंधारी साखर उतरल्यामुळेही येऊ शकते. त्यांनी खिशात साखर व बिस्किटे ठेवावीत.

पंधरा मिनिटांनी अण्णा पूर्ववत झाले. एको पॉइंट हाकेच्या अंतरावर होता. "आता बरं वाटतंय, जाऊन येऊ," असे ते दोनदा म्हणाले. जावे असे मलाही क्षणभर वाटले. दोन वर्षांपूर्वी त्यांना मागे ठेवले, आता पुन्हा पॉइंट दाखवल्यावाचून न्यायचे का, असा विचार मनात आला. परंतु या वाटेची एक खोच आहे. डोंगर चढून शिखर गाठताना श्रम आधी होतात आणि परतीला उतार मिळतो. तलावाकडे जाताना मात्र उतार आधी मिळतो. माणूस ताजातवाना असताना वाट सोपी वाटते आणि चढ उरतो तो थकल्यानंतर. अण्णांच्या पायांत जे बळ होते, ते त्या चढासाठी राखून ठेवणे भाग होते.

"अण्णा, आपण इथून परत फिरू या," मी म्हटले.

ते रुसतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी पिसारनाथाच्या देवळाच्या दिशेने हात जोडले, बाटलीतील उरलेले पाणी संपवले आणि म्हणाले, "ठीक आहे. आवाज तर इथपर्यंत आलाच की."

परतताना दर दहा मिनिटांनी थांबलो. बाजारपेठेपर्यंत पोहोचायला सव्वा तास लागला. एक चक्कर येऊन गेल्यावर एकट्याने निर्धास्त राहू नये, म्हणून दुपारी नगरपरिषदेच्या रुग्णालयात जाऊन रक्तदाब तपासून घेतला. तो ठीक होता. अंधारी पुन्हा पुन्हा येत असती, किंवा छातीत दुखणे, घाम फुटणे, बोलण्यात अडखळणे असे काही असते, तर चालत परतण्याचा विचारही न करता तेथूनच मदत बोलावली असती. येथे रुग्णवाहिका आहे, परंतु रानवाटेवर मदत पोहोचायला वेळ लागतो. हॉटेलचा दूरध्वनी क्रमांक आणि औषधांची यादी सोबत असावी, ती यासाठी.

काळजी घेणाऱ्यांसाठी

या अनुभवातून मी माझ्यापुरते चार नियम केले आहेत. वाचकांनाही ते उपयोगी पडावेत.

पहिला, वाट मोजताना परतीची वाट आधी मोजावी. एकूण बळापैकी तिसरा हिस्सा खर्च झाला असे वाटले की वळावे. उरलेले दोन हिस्से परतीसाठी आणि अडचणीसाठी असावेत.

दुसरा, निघण्यापूर्वी स्वच्छतागृहाची चौकशी आपण होऊन करावी आणि ती ज्येष्ठांना आवर्जून सांगावी. त्यांनी विचारण्याची वाट पाहू नये. पाणी एकदम न देता थोडे थोडे द्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून घ्यावे लागते, त्यांनी आपले प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

तिसरा, सर्वांत मागे चालणाऱ्याची गती हीच सर्वांची गती. मुलांना पुढे जायचेच असेल तर त्यांच्यासोबत एका मोठ्या माणसाने जावे. ज्येष्ठांना गाठून सारखे "चला, चला" म्हणू नये.

चौथा, ज्यांना अजिबात चालवत नाही त्यांनाही निवड असावी. छोट्या गाडीने यावे, बाजारपेठेजवळच्या सावलीत बसावे, एखाद्याने त्यांच्यासोबत थांबावे. "तुम्ही बसा" असे सांगणे निराळे, आणि "तुम्हाला काय आवडेल?" असे विचारून मग बसणे निराळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या मांड्या दुखत होत्या. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला आणि दोन-तीनदा हुश्श केले. न्याहारीला मुले एको पॉइंटची गोष्ट काढून बसली होती. चहाचा कप खाली ठेवून अण्णांनी तांब्यातील पाणी पेल्यात ओतून घेतले, ते सावकाश पिऊन संपवले आणि मला विचारले, "आज अंजनीच्या झाडापर्यंतच जाऊ या का? तेवढं जमेल."

आम्ही तेवढेच गेलो, आणि परत आलो.